लेस्टरचे गुजराती, ब्रॅडफर्डचे मीरपुरी आणि भाऊकाकांचं फॉरवर्ड

आमच्या घरच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरून येतं. ब्रिटनमधले भारतीय कसे भरपूर कमावतात, घरं घेतात, डॉक्टर होतात, पंतप्रधानसुद्धा होतात, आणि पाकिस्तानी मात्र कसे मागे राहिलेत, असं सगळं. आणि खाली आमचे भाऊकाका न चुकता लिहिणार, "शेवटी संस्कार!" मग चार अंगठे, दोन झेंडे, विषय संपला. मी सहा वर्षं लेस्टरला राहिलोय आणि कामासाठी ब्रॅडफर्डला जाणं-येणं असायचं, त्यामुळे हे वाचलं की हात शिवशिवतात. पण ग्रुपवर लिहायला गेलं की भांडणं होतात, म्हणून इथे निवांत लिहितोय.

पहिलं म्हणजे फरक आहे, तो कुणी नाकारत नाहीये. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला भारतीय वंशाचे म्हणवणारे साधारण १९ लाख आणि पाकिस्तानी वंशाचे साधारण १६ लाख, म्हणजे संख्या जवळपास सारख्याच. पण तासाच्या पगाराची सरासरी काढली तर भारतीय गोऱ्या लोकांच्याही वर आणि पाकिस्तानी खाली. स्वतःचं घर असणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण २०१६ ते १८ च्या इंग्लंडच्या पाहणीत भारतीयांमध्ये ७४ टक्के, गोऱ्या ब्रिटिशांमध्ये ६८ आणि पाकिस्तानींमध्ये ५८. आता आकडे खरे असले तरी "भारतीय" आणि "पाकिस्तानी" ही दोन एवढी मोठाली पोती आहेत की त्यात काय काय भरलंय हे वरून कळतच नाही. म्हणून दोन्ही पोती बाजूला ठेवू आणि त्यातल्या एकेका गटाकडे नीट बघू. एक, पूर्व आफ्रिकेतून, म्हणजे केनिया, युगांडा, टांझानियातून आलेले गुजराती, ज्यांचं मोठं ठाणं म्हणजे लेस्टर. दुसरा, मीरपूरचे लोक, ज्यांचं मोठं ठाणं ब्रॅडफर्ड.

मीरपूर म्हणजे पाकव्याप्त काश्मीरच्या दक्षिण टोकाचा डोंगराळ जिल्हा. ब्रिटनमधल्या पाकिस्तान्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांची मुळं तिथे आणि आजूबाजूला आहेत असं मानतात. हे मला आधी माहीतच नव्हतं, मी समजायचो लाहोर-कराचीचे असतील. जमीन कोरडवाहू, तुकडे लहान, घरातला एक तरी मुलगा बाहेर कमवायला पाठवल्याशिवाय भागणार नाही अशी परिस्थिती. आपल्या कोकणासारखंच म्हणा ना. झेलम नदीवर होड्या चालवणारे लोक होते, रेल्वे आल्यावर त्यांचा धंदा बसला, मग त्यातले बरेच थेट मुंबईच्या बंदरात आले आणि आगबोटींच्या पोटात बॉयलरमध्ये कोळसा लोटायचं काम धरलं. गोऱ्या खलाशांना ते काम नको असायचं, उष्णतेने माणूस उकडून निघायचा. म्हणजे मीरपूर ते ब्रिटन हा रस्ता मुंबईवरून जातो आणि शंभरेक वर्षांचा जुना आहे. त्यातले थोडे बोटीवरून उतरून तिकडेच राहिले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगारांचा तुटवडा पडला तेव्हा त्यांनीच भाऊ, पुतणे, गाववाले बोलावून घेतले. १९४८ च्या नागरिकत्व कायद्यामुळे वसाहतींतल्या आणि राष्ट्रकुलातल्या माणसाला ब्रिटनमध्ये यायला कुणी अडवत नव्हतं, बोटीचं भाडं जमवायचं एवढाच प्रश्न.

त्यात आलं मंगला धरण. १९६० साली भारत-पाकिस्तानमध्ये सिंधू पाणीवाटप करार झाला, पूर्वेकडच्या तीन नद्या भारताला, पश्चिमेच्या तीन पाकिस्तानला, आणि मग पाकिस्तानने झेलमवर मंगला बांधलं, १९६७ ला पूर्ण झालं. जुनं मीरपूर शहर आणि २८० च्या आसपास गावं पाण्याखाली, लाखाच्या वर माणसं उठली. हिवाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावातली देवळं, दर्गे आजही वर दिसतात. आपल्याकडे त्याच दशकात कोयना भरलं आणि जावळी-पाटणची माणसं कुठे कुठे जाऊन पडली हे ज्यांना माहितेय त्यांना वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की मीरपूरच्या विस्थापितांपैकी काहींना ब्रिटनची वर्क परमिटं मिळाली आणि ज्यांचे चुलते-मामे आधीच तिथे होते ते निघाले.

तर हा माणूस ब्रॅडफर्डला कशासाठी आला? लोकरीच्या गिरणीत रात्रपाळी करायला. हे जरा नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं इथून निघतं. गिरणीमालकांनी युद्धानंतर नव्या महाग मशिनी घेतल्या होत्या, त्या चोवीस तास चालवल्या तरच परवडणार. गिरणीत दिवसा बायका काम करायच्या पण कायद्याने त्यांना रात्रपाळीला लावता येत नव्हतं, गोऱ्या पुरुषांना दुसरीकडे बऱ्या पगाराची कामं होती, मग रात्रपाळी कोण करणार? त्या रिकाम्या जागेत मीरपूरचा माणूस बसवला. इंग्रजी यायची गरज नाही कारण पाळीत सगळे गाववालेच, मुकादमपण ओळखीचा. राहायला एक घर, त्यात दहा-बारा पुरुष, दिवसपाळीवाला उठला की त्याच गादीवर रात्रपाळीवाला आडवा होणार. माझे आजोबा लालबागला असेच राहायचे, गाळ्यात खाट पाळीपाळीने, खानावळीचा डबा, महिन्याला मनीऑर्डर आणि मनात एकच गोष्ट, थोडं जमलं की गावी परत जायचं. म्हणून ब्रॅडफर्डमध्ये मला कुणी हे सांगायला लागलं की मी म्हणायचो, थांबा, पुढचं मी सांगतो.

परत जायचंच आहे, हा विचार कळीचा आहे. परत जायचं असेल तर भाषा कशाला शिका, चांगल्या वस्तीत घर कशाला घ्या, बायकापोरं कशाला आणा? पैसा साठवा आणि गावी पाठवा. आणि खरंच सुरुवातीला माणसं आळीपाळीने यायची, चुलता पाच वर्षं काम करून जाणार, त्याच्या जागी पुतण्या येणार. मग ब्रिटनने १९६२ ला कायदा केला, आता नोकरीचं सरकारी व्हाउचर असेल तरच प्रवेश. हेतू होता लोक कमी यावेत. झालं उलटं. कायदा येतोय म्हटल्यावर आधीच्या दीड वर्षात माणसांनी धाडधाड बोटी-विमानं धरली, दार बंद व्हायच्या आत आत घुसा. आणि जे आत होते त्यांना कळलं की आता एकदा गावी गेलो तर परत येता येईलच असं नाही, पुतण्यालाही जागा देता येणार नाही, मग हळूहळू बायको-मुलांना इकडेच बोलावून घेतलं, कारण कुटुंबाला यायची मुभा अजून होती. म्हणजे जे तात्पुरतं होतं ते कायमचं कायद्यानेच केलं. मला तर हा सगळ्या गोष्टीतला सगळ्यात गमतीचा, म्हणजे गमतीचा कसला, सरकारी डोकं कसं चालतं याचा नमुना वाटतो.

आता लेस्टरवाल्यांकडे येऊ. यांची गोष्ट मुळात दुसऱ्या वर्गाची आहे. केनियाच्या किनाऱ्यापासून आत युगांडाकडे जाणारी रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये बांधली तेव्हा बत्तीसेक हजार मजूर हिंदुस्थानातून नेले, बहुतेक पंजाबचे, अडीच हजारांच्या आसपास मेले, उरलेल्यांपैकी बहुतेक परत आले. पण रेल्वेच्या मागोमाग गुजरात-कच्छचे व्यापारी आत घुसले, अल्लीदिना विश्राम नावाचा कच्छी खोजा व्यापारी होता त्याने तर रेल्वेच्या वाटेवर दुकानांची माळच लावली. स्वाहिलीत दुकानाला "दुका" म्हणतात, ते आपल्याच दुकानावरून, आणि यांना नाव पडलं दुकावाला. पन्नास-साठ वर्षांत या लोकांची तिथे पक्की जागा झाली: वर इंग्रज, खाली आफ्रिकन, मध्ये हे. दुकानदार, कारकून, शिक्षक, वकील, कंत्राटदार. मुलं वेगळ्या एशियन शाळांत, माध्यम इंग्रजी, परीक्षा केंब्रिजच्या. घरी नोकर. ही मधली पायरी इंग्रजांनीच बनवलेली होती आणि त्यावर उभं राहून खालच्यांशी कसं वागलं गेलं ते फार अभिमानाने सांगण्यासारखं नाही, पण तो वेगळा विषय.

आपल्याकडचा दुवा इथेच आहे बरं का, गोव्याचा. केनिया-युगांडाच्या सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करणाऱ्यांत गोयंकार खूप, कंपालात, नैरोबीत गोवन इन्स्टिट्यूट होती. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यातला पियो गामा पिंटो, ज्याचा १९६५ ला खून झाला, तो गोव्याच्या मुळाचा. ब्रिटनची माजी गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन, तिचे वडील केनियातले गोवेकर. तर "पूर्व आफ्रिकेचे एशियन" म्हणजे फक्त पटेल नव्हेत.

साठच्या दशकात तिन्ही देश स्वतंत्र झाले, नोकऱ्या आणि व्यापार आफ्रिकनांकडे द्यायची धोरणं आली, ती यायचीच होती. केनियातून १९६७-६८ ला लोंढा निघाला, तेव्हा ब्रिटनने घाईघाईने, तीन दिवसांत, कायदा करून स्वतःचाच पासपोर्ट असलेल्या या लोकांवर कोटा लावला. मग ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडात लष्करशहा इदी अमीनने या एशियनांना सांगितलं, नव्वद दिवसांत चालते व्हा. बरोबर न्यायला प्रत्येक कुटुंबाला ५० पौंड. दुकान, घर, गाडी, गिरणी, सगळं तिथेच. ब्रिटनमध्ये सत्तावीस-अठ्ठावीस हजार आले, बाकीचे कॅनडा, भारत आणि कुठे कुठे.

लेस्टरच्या नगरपालिकेने तेव्हा काय केलं माहितेय? सप्टेंबर १९७२ मध्ये "युगांडा अर्गस" या तिकडच्या पेपरात पैसे भरून जाहिरात दिली. आमच्याकडे घरं भरलीत, शाळा भरल्यात, दवाखाने भरलेत, तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या भल्यासाठी लेस्टरला येऊ नका. आता हे वाचणारा माणूस कंपालात बसलाय, ब्रिटनच्या नकाशावर त्याला लंडन सोडून एक गाव धड माहीत नाही, आणि त्याला पेपरातून कळतंय की लेस्टर नावाच्या गावात आपली माणसं इतकी आहेत की नगरपालिका घाबरलीये! मग तो कुठे जाणार? केनियातून आधी गेलेले नातेवाईक तिथे होतेच. सरकारी पुनर्वसन मंडळ लोकांना जुन्या लष्करी छावण्यांत ठेवून सांगत होतं की अमुक गावं लाल यादीत, तिथे जाऊ नका, लोकांनी ऐकलं नाही. आज त्याच लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडला गोल्डन माइल म्हणतात, साड्या, सोनं, फरसाण, आणि दिवाळीला नगरपालिका स्वतः दिवे लावते.

बरं, मग ५० पौंडांवर हे लोक वर आले कसे? भाऊकाकांचं "संस्कार" इथे घुसतं. पण बघा, खिशात ५० पौंड असले तरी डोक्यात काय होतं: इंग्रजी, हिशेब, घाऊक माल कुठून उचलायचा आणि उधारी किती दिवसांची ठेवायची याची जाण, बँकेच्या मॅनेजरशी टेबलापलीकडे बसून बोलायची सवय. हे अमीनच्या सैनिकांना विमानतळावर काढून घेता आलं नाही. काहींनी तर दिवस फिरायच्या आधीच थोडाफार पैसा बाहेर हलवलेला होता. मीरपूरच्या माणसाला यातलं काहीच नव्हतं, त्याचं खातं मुळातच कोऱ्या पानावर होतं. त्यामुळे "दोघेही रिकाम्या हाताने आले" हे जे सांगतात ते साफ चूक आहे. एकाचा मालमत्तेचा कागद गेला होता, दुसऱ्याकडे मुळात शाळेचा दाखलाच नव्हता.

तरी सुरुवात सोपी नव्हती. कंपालात चार नोकर ठेवणारी बाई लेस्टरला होजियरीच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसली. आणि हीच ती मोठी गोष्ट, जी फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. बायका कामाला गेल्या. १९७४ ला लेस्टरच्या इंपीरियल टाइपरायटर कारखान्यात बोनसवरून एशियन कामगारांनी संप केला, बायका पुढे होत्या, युनियनने साथ दिली नाही, पुढच्या वर्षी कारखानाच बंद झाला. लंडनच्या ग्रनविक फोटो कारखान्यातला १९७६ ते ७८ चा संप तर जयाबेन देसाईंनी चालवला, गुजरातेत जन्मलेल्या, लग्नानंतर टांझानियात, तिथून ब्रिटनला. साडी नेसून फाटकावर उभी राहिलेली ठेंगणी बाई, फोटो बघितला असेल तुम्ही. तर घरात दोन पगार आले, एक पगार जेवणखाण-भाड्यात, दुसरा साठवण्यात, पाच-सात वर्षांत कोपऱ्यावरचं दुकान, वर राहायचं खाली धंदा, पहाटे पाचला पेपरचे गठ्ठे आणि रात्री दहाला शटर. मुलं काउंटरमागे अभ्यास करायची. माजी पंतप्रधान ऋषी सुनकची आई टांझानियाची, वडील केनियाचे, आईचं औषधाचं दुकान आणि वडील डॉक्टर, म्हणजे त्यांच्या घरात शिक्षण ब्रिटनला यायच्या आधीपासूनच होतं.

मीरपुरी बायका काम करत नव्हत्या का? करत होत्या, पण घरी बसून. शिलाईचे गठ्ठे घरी यायचे, नगावर पैसे, हिशेब तोंडी. ते कुठल्या आकडेवारीत येत नाही, त्यातून पेन्शन येत नाही, इंग्रजी येत नाही, मैत्रिणी होत नाहीत. त्या वीस वर्षं उशिरा आल्या त्या नवऱ्यामागे, शेतावरून थेट दगडी विटांच्या थंड गल्लीत, आणि त्यांच्यासाठी कुणी काही सोय केली नाही हेही तितकंच खरं.

मग गिरण्या बंद पडल्या. इथे मला आजोबांची गोष्ट परत आठवते, पण थोडक्यात सांगतो. ब्रॅडफर्डचा लोकरीचा धंदा सत्तर-ऐंशीच्या दशकात कोसळला. सॉल्टेअरची सॉल्ट्स मिल १९८६ ला थांबली, मॅनिंगहॅमची लिस्टर मिल, जी एकेकाळी जगातली सगळ्यात मोठी रेशीम गिरणी म्हणून मिरवायची, ती १९९२ ला. आख्खं गाव एकाच धंद्यावर आणि आख्खा समाज त्या धंद्याच्याही एकाच पाळीवर. पन्नाशीतला माणूस, वीस वर्षं रात्रपाळी केलेला, इंग्रजी "यस बॉस"पुरतं, याला दुसरं काम कोण देणार? टॅक्सी, टेकअवे, नाहीतर बेकारी. लेस्टरला होजियरी होती, बूट होते, मशिनरी होती, एक बसलं तर दुसरं थोडं तरी चालत होतं, शिवाय जवळ दुकान असलेल्या माणसाला कारखाना बंद झाल्याने फरक पडत नाही.

घरांचं गणित तर मला सगळ्यात शिकवण्यासारखं वाटतं. मीरपुरींनी घरं घेतली नाहीत असं मुळीच नाही, फार लवकर घेतली, कारण गोरे मालक भाड्याने देत नव्हते आणि नगरपालिकेच्या घरांच्या रांगेत यांचा नंबर लागत नव्हता. बँकेने कर्ज नाही दिलं तर "कमेटी" घालायची. कमेटी म्हणजे आपली भिशी हो, तंतोतंत, वीस जण दरमहा ठरलेली रक्कम टाकणार आणि एकेकाचा नंबर लागणार. त्यातून गिरणीजवळचं स्वस्तातलं चाळीसारखं भिंतीला भिंत लागलेलं घर रोखीत. पण ते घर ब्रॅडफर्डमध्ये. त्याच सुमारास दुसऱ्या कुणी लंडनच्या हॅरोमध्ये घर घेतलं असेल तर चाळीस वर्षांत त्याची किंमत कुठल्या कुठे गेली आणि ब्रॅडफर्डचं तिथेच घुटमळलं. यात संस्कारांचा काय संबंध, सांगा. आणि उरलेला पैसा? तो मीरपूरला गेला. मीरपूर आणि त्याच जिल्ह्यातल्या डडियालच्या रस्त्यांवर तीन-तीन मजली कोठ्या आहेत, संगमरवर, गच्चीवर गरुड नाहीतर विमान, आत कुणी नाही. त्या भागाला "लिटल इंग्लंड" म्हणतात, दुकानात पौंड चालतात. युगांडाच्या पटेलाला पैसा पाठवायला गावच नव्हतं उरलं, कंपाला तर बंदच झालं होतं, मग जो काय पैसा सुटला तो लेस्टरच्याच दुकानात घातला. अमीन गेल्यावर ऐंशीच्या दशकात मधवानी, मेहतांसारखी मोठी घराणी युगांडात परत जाऊन साखर काढायला लागली, पण ती मोजकीच.

लग्नांचा मुद्दा आला की लोक फार चेकाळतात म्हणून जपून लिहितो. ब्रॅडफर्डमध्ये २००७ ला मुलांच्या आरोग्याचा एक मोठा अभ्यास सुरू झाला, त्यात दिसलं की पाकिस्तानी वंशाच्या मातांपैकी साधारण ६० टक्के मातांचं लग्न नात्यात झालेलं, चुलत-मावस वगैरे, आणि दहाएक वर्षांनी परत बघितलं तर ते प्रमाण ४६ टक्क्यांवर आलेलं. म्हणजे उतरतंय, आणि वेगाने. मामाच्या मुलीशी लग्न हे आपल्याकडेही अगदी कालपरवापर्यंत सुरळीत चालायचं, त्यामुळे नाकं मुरडायचं काम नाही. आनुवंशिक आजारांची जोखीम वाढते ती वेगळी, पण आर्थिक बाजू अशी की भाची-पुतणीचा नवरा म्हणून जो येतो तो गावाहून येतो. तिकडे राहिलेल्या भावाचं देणं फेडायचं, त्याच्या मुलाला इकडे आणायचं, जमीन घरात राहते, नातं राहतं, आणि व्हिसा हाच खरा हुंडा. परिणाम काय, तर ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलीच्या घरात नवरा परत नवखा, इंग्रजी परत पहिलीपासून, डिग्री असली तरी तिथे चालत नाही, म्हणून परत टॅक्सी. कागदावर तिसरी पिढी, घरात अर्धी पहिलीच. आणि मुलं घरी मीरपूरची पहाडी बोली बोलतात, मशिदीत अरबी वाचतात, उर्दू प्रतिष्ठेची म्हणून शिकतात आणि शाळेत इंग्रजी, चार भाषांची खिचडी. आता जोडीदार आणायचा तर आणणाऱ्याची वार्षिक कमाई २९,००० पौंड लागते, २०२४ पासून, आधी १८,६०० होती, त्यामुळे हेही आपोआप कमी होत चाललंय.

मग धर्माचं काय, असं भाऊकाका विचारणारच. त्याला माझ्याकडे दोन-तीन साध्या चाचण्या आहेत. एक, युगांडा-केनियातून आलेल्यांत मुसलमानही भरपूर होते, इस्माइली खोजा, बोहरी, सुन्नी गुजराती, त्यांची वाटचाल पटेल-लोहाणा या हिंदू गुजरात्यांसारखीच झाली. दोन, अमेरिकेतले पाकिस्तानी बघा, तिथे १९६५ नंतर डिग्री बघून माणसं घेतली, डॉक्टर-इंजिनियर गेले, आणि ते तिथे चांगल्या उत्पन्नाचा समाज म्हणून ओळखले जातात. देश तोच, धर्म तोच, विमानात बसलेला माणूस वेगळा. तीन, लंडनचे बांगलादेशी, सिल्हेटच्या खेड्यांतून आलेले, मीरपुरींइतकेच नाहीतर जास्तच गरीब, त्यांची मुलं आज सोळाव्या वर्षाच्या शालेय परीक्षांत देशाच्या सरासरीच्या पुढे आहेत. कारण लंडन, तिथल्या शाळांवर झालेला खर्च आणि दाराबाहेर असलेल्या नोकऱ्या. आणि मीरपुरी मुलीही आता मोठ्या संख्येने युनिव्हर्सिटीत जातात, पाकिस्तानी वंशाच्या मुलांचं कॉलेजला जाण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा जास्तच आहे. पगारात ते अजून तितकं उतरलेलं नाही, त्यात नावावरून होणारा भेदभाव आहे, गाव न सोडणं आहे, ओळखीपाळखी नसणं आहे. उलट बाजूने, जालंधरकडचे शीख जे साउथॉलला आणि बर्मिंगहॅमकडच्या भट्ट्यांत आले तेही शेतकरीच होते, तेही भारतीयच, आणि त्यांचा प्रवास पटेलांपेक्षा खूप हळू झाला.

आणि लेस्टरचं फार कौतुक नको. मी राहिलोय तिथे. आज ब्रिटनच्या सरासरी उत्पन्नात लेस्टर तळाकडच्या शहरांत मोडतं. यशस्वी झालेले बरेच लोक गावाबाहेरच्या ओडबीसारख्या भागात नाहीतर लंडनकडे सरकले आणि जुन्या कारखान्यांच्या इमारतींत मजल्यामजल्यावर छोटे शिलाई कारखाने राहिले, जिथे किमान वेतनाच्या निम्म्याने काम करून घेतात अशा बातम्या २०२० च्या लॉकडाउनमध्ये जगभर गाजल्या. तिथे मशीनवर बसणाऱ्यांत गुजरातहून आणि दीव-दमणहून पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले नवे लोकही असतात. मालक बऱ्याचदा आपलाच. माझ्या घरमालकाच्या खालच्या मजल्यावर अशीच एक बाई भाड्याने होती, दमणची, सकाळी सातला निघायची, संध्याकाळी तिच्या बोटांना काळा दोरा चिकटलेला असायचा. तिला "भारतीयांची सरासरी" सांगून बघा एकदा.

आपण मराठी लोक या तुलनेत जवळजवळ बसतच नाही, कारण आपण फार थोडे गेलो आणि गेलो ते बहुतेक डिग्री घेऊन, सरकारी दवाखान्यांत डॉक्टर म्हणून, नंतर आयटीत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं, पण तेव्हापासूनच शिकलेल्यांचं. त्यामुळे आपल्या यशाचं आपल्याला जे अप्रूप आहे ना, त्यातलं अर्धं श्रेय व्हिसाच्या चाळणीला द्यायला हवं, जी मागे राहणाऱ्याला मुळात विमानात बसूच देत नाही.

ब्रॅडफर्डला स्टेशनवरून ऑफिसला नेणारा एक टॅक्सीवाला माझ्या ओळखीचा झाला होता. वय पन्नाशीचं. वडील लोकरीच्या गिरणीत, त्याने स्वतः सोळाव्या वर्षी शाळा सोडली, मुलगी फार्मसी करतेय. एकदा त्याने मोबाईलवर गावच्या कोठीचा फोटो दाखवला, दुमजली, गुलाबी, गेटवर सिंह. म्हटलं, कोण राहतं? म्हणाला, "कोई नहीं. अब्बा हर साल कहते थे, बस पाँच साल और." वडील ब्रॅडफर्डच्याच कब्रस्तानात आहेत. चावी चुलत भावाकडे, तो दर महिन्याला फोन करून सांगतो की टाकी गळतेय, पैसे पाठव.

हे सगळं मी भाऊकाकांना ग्रुपवर न टाकता वेगळं फोनवर सांगितलं. बराच वेळ ऐकून घेतलं त्यांनी, मध्ये फक्त "हं, हं" करत होते, मला वाटलं पटलं बहुतेक. मग म्हणाले, ते राहू दे, गावच्या घराच्या मागच्या पडवीची कौलं उतरलीत, पावसाच्या आत शाकारणी करायला पाहिजे, तुझ्या वाटणीचे पैसे कधी पाठवतोस?